नसलेली खाणावळ

दामूअण्णांना अलिबागला जायचं असलं की ते रेवदंड्याच्या एसटीत बसतात. नागावच्या थांब्यावर कुणी "कुठं चाललात अण्णा?" म्हणून विचारलं तर "हितंच" म्हणतात आणि रेवदंड्याच्या गाडीत चढून उलट्या दिशेला निघून जातात. चौलला उतरतात, रस्ता ओलांडतात आणि अलिबागची गाडी पकडतात. ती गाडी अर्थातच नागाववरूनच जाते. त्या वेळी अण्णा खिडकीखाली वाकून चप्पल शोधल्यासारखं करतात आणि थांब्यावरची माणसं "अण्णा अलिबागला चालले वाटतं" असं म्हणून आपापल्या कामाला लागतात. कंडक्टरला मात्र कुठे जायचं ते सांगावंच लागतं. ते अण्णा त्याच्या कानात सांगतात.

अण्णा आमचे शेजारी. त्यांची वाडी आणि आमची वाडी यांच्यामध्ये एक कुंपण आहे, तेही अर्धं पडलेलं. मी गावातल्या शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. मागच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना राहायला देतो. अण्णा मूळचे पेणकडचे, मिठागरवाले. तरुणपणी मिठाचा ट्रक चालवायला लागले, मग कुठलाही माल घेऊन देशभर फिरले. सासऱ्यांना मुलगा नव्हता म्हणून यमुनाकाकींबरोबर ही वाडी सांभाळायला नागावात आले. काकी गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून अण्णा एकटेच राहतात आणि एकटेच रांधतात.

त्यांची दोन वाक्यं ठरलेली आहेत. एक, "तुला काय करायचंय?" हे बाहेरच्यांसाठी. दुसरं, "घरातलं घरात." हे सगळ्यांसाठी. आज काय कालवण केलंत, विचारा. घरातलं घरात. गुडघा कसा आहे? घरातलं घरात. मासळी घेऊन येताना पिशवीवर टॉवेल, टॉवेलवर वर्तमानपत्र. आता बोंबलाचा वास काय वर्तमानपत्राला ऐकतो? पण अण्णांच्या चेहऱ्यावर असा भाव असतो की पिशवीत सरकारी कागद असावेत.

मोबाइल आला तेव्हा अण्णांनी त्याच्याशी पहिल्या दिवसापासून वैर धरलं. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन आहे. तो ऐकतो, अशी त्यांची पक्की खात्री. म्हणून घरी काही महत्त्वाचं बोलायचं असलं, म्हणजे नारळ पाडणारा यायचा असला किंवा पंपवाल्याशी भांडायचं असलं, की ते आधी फोन आमच्याकडे आणून ठेवतात. तो आमचं ऐकत बसला तरी त्यांची काही हरकत नसते.

आम्ही खोल्यांसाठी फाटकावर कॅमेरा बसवला तेव्हा तर महिनाभर बोलणं बंद होतं. त्या कॅमेऱ्यात अण्णांच्या वाडीचा फार तर हातभर भाग दिसत होता, तोही एक केळीचा बुंधा. अण्णांनी त्या बुंध्याला जुना पंचा गुंडाळला. आमचे हे, म्हणजे वसंतराव, स्वभावाने गरीब. त्यांनी कॅमेरा फिरवून आमच्याच न्हाणीच्या भिंतीकडे केला. तेव्हापासून आमच्या न्हाणीची भिंत अतिशय सुरक्षित आहे.

त्या भांडणात मी एकदा शिक्षिकेच्या आवाजात त्यांना म्हटलं होतं, की अण्णा, या गावात लपण्यासारखं आहे काय? सकाळी कुणी कुठली मासळी घेतली ते दुपारपर्यंत चौलला कळतं. कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या घरी कोण कुणाशी बोलत नाही, सगळं सगळ्यांना माहीत असतं. एका कॅमेऱ्याने काय जास्तीचं दिसणार आहे?

अण्णांनी विडी विझवली. म्हणाले, "गावाला दिसतं, व्हय. पण गावाला मान हाय. वळवायची तवा वळवतं. तुझ्या त्या डोळ्याला मान हाय का?"

मी त्यांना चहाचं विचारलं.

त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं हे मला आमच्याच फोनवरून समजायला हवं होतं. हल्ली अलिबागच्या दुकानात बनियन घ्यायला गेलं तरी मोबाइल नंबर मागतात. अण्णा आपला नंबर थोडाच देणार? ते वसंतरावांचा देतात. त्यामुळे अण्णांनी जगापासून लपवलेलं सगळं आमच्या फोनवर येतं. बनियनवर सवलत, गुडघ्याच्या गोळ्या संपत आल्याची आठवण, चष्मा तयार झाल्याचा निरोप. आणि दर वर्षी उन्हाळा संपता संपता परदेशी माल पाठवणाऱ्याचा एक संदेश: तुमचं पार्सल कॅनडाला पोहोचलं. त्यात आमसुलं असतात आणि कडवे वाल असतात, हेही आम्हाला माहीत आहे, कारण आमसुलं वाळत घातलेली कुंपणावरून दिसतात आणि पार्सलच्या आठवड्यात नाहीशी होतात. आम्ही दोघांनी त्याबद्दल अण्णांना कधी एक शब्द विचारलेला नाही.

कॅनडाला त्यांचा मुलगा असतो. संदीप. माझ्याच वर्गात शिकला, गणितात हुशार, हनुवटीवर जखमेची खूण. त्याच्याबद्दल विचारलं की अण्णा "कामात असतो" म्हणतात आणि आत जातात.

खरं काय घडलं ते गावाला माहीत आहे. यमुनाकाकी आजारी पडल्या तेव्हा अण्णांनी ते कुणालाच कळू दिलं नाही. मुलालाही नाही. तो फोन करायचा, अण्णा सांगायचे, ठीक हाय, शेजारी गेलीय. तो इतक्या लांब, नवी नोकरी, त्याला कशाला घोर, असा त्यांचा हिशेब. काकीही त्यांच्याच शाळेतल्या, त्याही अंथरुणावरून "मी बरी हाय" म्हणायच्या. संदीप आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेराव्याच्या दिवशी पंगत उठल्यावर तो अंगणात अण्णांसमोर उभा राहिला. ओरडला वगैरे नाही. एवढंच म्हणाला, "अण्णा, तुम्ही नेहमी म्हणता घरातलं घरात. मग मी घरातला नव्हतो का?" त्याच संध्याकाळी तो गेला. त्यानंतर त्याचा फोन आला नाही, आणि अण्णांनी केला असेल तर तो त्याने उचलला नाही. त्या दिवशी अंगणात आम्ही चाळीसेक माणसं होतो. सगळ्यांनी माना वळवल्या.

तर अशा या अण्णांचं घर गेल्या वर्षी नकाशावर आलं.

झालं असं. मे महिन्यात ऐन दुपारी पुण्याकडचं एक कुटुंब समुद्राचा रस्ता चुकून अण्णांच्या वाडीत शिरलं. नवरा, बायको, दोन लहान मुलं, सगळी उन्हाने लाल झालेली. त्यांनी पाणी मागितलं. अण्णा नेमके जेवायला बसत होते. आता आमच्याकडे जेवणाच्या वेळी दारात आलेल्या माणसाला नुसतं पाणी देऊन परत पाठवत नाहीत. अण्णा जगाशी कितीही फटकून वागले तरी ही एक गोष्ट त्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. त्यांनी "कोण, कुठले" काहीही विचारलं नाही. त्यांना स्वतःला विचारलेलं आवडत नाही, म्हणून तेही विचारत नाहीत. त्यांनी सरळ पानं मांडली. मांदेलीचं कालवण, तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सोलकढी. बिरडं काकींच्या हातचं होतं अगदी तसं अण्णा करतात, हे मी कबूल करते, नाइलाजाने.

जेवून उठल्यावर त्या गृहस्थांनी पाकीट काढलं आणि अण्णांनी त्यांना घराबाहेर काढलं. शब्दशः. आमच्या ओट्यावरून मी पाहत होते. चौघं पुढे आणि अण्णा मागून झाडू घेऊन. ती माणसं बिचारी फार चांगली होती. एवढं जेवलो, पैसे घेतले नाहीत, या उपकाराची फेड कशी करावी म्हणून त्यांनी जाता जाता आपल्या समजुतीने एक पुण्यकर्म केलं. फोनमधल्या नकाशावर अण्णांच्या घरावर खूण लावली, वर नाव घातलं "दामूकाकांची घरगुती खाणावळ" आणि पाच तारे दिले. सोबत फोटो टाकले. ओटा, पानं, चूल आणि दोरीवर वाळत घातलेलं अण्णांचं बनियन.

पुढच्या रविवारी तीन गाड्या आल्या.

अण्णांना आधी कळेचना. त्यांना वाटलं, रस्ता चुकणाऱ्यांची साथ आली आहे. "कुणी सांगितलं तुम्हाला?" असं विचारलं की लोक फोन दाखवायचे. त्या फोनमध्ये अण्णांना आपलंच बनियन दिसायचं. ते तडक आमच्याकडे आले आणि वसंतरावांना म्हणाले की हे तुझ्या त्या कॅमेऱ्याचं काम. त्यांना नेऊन न्हाणीची भिंत दाखवली तेव्हा कुठे शांत झाले.

मग त्यांनी उपाय सुरू केले. फाटकावर खडूने पाटी लिहिली: "हे हॉटेल नाही." लोक पाटीशेजारी उभे राहून फोटो काढू लागले. त्यांनी जेवणाची वेळ बदलून सकाळी साडेदहाची केली, म्हणजे कुणी आलं की खरंखुरं "जेवण झालं" सांगता यावं. पण बरोबर लहान मूल असलं की त्यांचं सगळं बळ जायचं. ओरडत ओरडत आत जायचे आणि तांदूळ धुवायला घ्यायचे. पैशाचं नाव काढलं की झाडू. हे सगळं लोक जाऊन नकाशाखाली लिहीत होते. "काका रागावतात, पण वाढतात." "मेन्यू विचारला तर 'तुला काय करायचंय' म्हणाले. अविस्मरणीय." "हे हॉटेल नाही असं मालक स्वतः सांगतात. हल्ली इतका साधेपणा कुठे मिळतो?" "बिल मागितलं तर हाकलून दिलं. पाच तारे."

इथे मला माझं दुःख सांगू द्या. आमच्या दोन खोल्यांना साडेतीन तारे आहेत. आम्ही चादरी रोज बदलतो, पाणी गाळून देतो, निघताना ओल्या नारळाच्या वड्या बांधून देतो. एकाने आमचा तारा कापला, कारण कोंबडा पहाटे आरवतो. दुसऱ्याने लिहिलं, "दुपारी समुद्र जागेवर नव्हता." ओहोटीला मी काय करू? आणि कुंपणापलीकडे हा माणूस झाडू घेऊन गिऱ्हाइकांच्या मागे धावतो, तर त्याला पावणेपाच. वसंतराव म्हणाले, आपणही झाडू घेऊन बघू या का. मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही.

तरीही शेजारधर्म म्हणून अण्णांचं घर नकाशावरून काढायची जबाबदारी आम्ही घेतली. वाटलं होतं, बटण दाबलं की झालं. वसंतरावांनी "ही जागा अस्तित्वात नाही" असं कळवलं. काही दिवसांनी उत्तर आलं: आपल्या सहकार्याबद्दल आभार, परंतु या जागेला अलीकडे अनेकांनी भेट दिली असल्याने ती अस्तित्वात आहे असं आढळतं.

अण्णांना मी ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे मी हाय का न्हाय हे लोकांना विचारून ठरवतात?"

दुसरा मार्ग असा निघाला की आधी अण्णांनी आपण मालक आहोत हे सिद्ध करायचं. मालक झाला की त्याला खाणावळ कायमची बंद करता येते. मालक होण्यासाठी नाव हवं, पत्ता हवा, फोन नंबर हवा आणि घराचं चित्रण हवं, रस्त्यापासून दारापर्यंत आणि दारापासून आतपर्यंत. हे ऐकून अण्णांचा चेहरा असा झाला की मला खरंच वाईट वाटलं. एक खिडकी बंद करायची तर आधी भिंत पाडून दाखवा, असंच ते होतं. आयुष्यभर ज्याने कंडक्टरच्या कानात गावाचं नाव सांगितलं त्याने आता आपलं स्वयंपाकघर कुठल्या कोण माणसांना दाखवायचं. पण दुसरा इलाज नव्हता. ते चार दिवस घुमे बसून राहिले आणि मग एके सकाळी चूल सारवून, काकींच्या फोटोवर रुमाल टाकून आम्हाला बोलवायला आले. वसंतरावांनी चित्रण केलं. अण्णा पूर्ण वेळ दाराआड उभे होते. नंबर आमचाच दिला.

आठवड्याभरात अण्णा त्या नसलेल्या खाणावळीचे मालक झाले. आता शेवटचं बटण उरलं होतं. दुपारची जेवणं झाल्यावर अण्णा आमच्या ओट्यावर येऊन बसले. मी फोन हातात घेतला, "कायमची बंद" वर बोट नेलं, तेवढ्यात ते म्हणाले, "थांब जरा बाय. सगळं पुसलं जाईल का?"

बहुतेक जाईल, म्हटलं.

"मग आधी वाच. कोण काय बघून गेला ते तरी कळू दे."

मी वाचायला लागले. सुरुवातीला अण्णा प्रत्येकावर बोलत होते. हा तो टकल्या, दोनदा भात मागितला. ही ती बाई, चुलीजवळ चपला घालून आली. "रागीट" शब्द आला की ते माझ्याकडे बघायचे, जणू मीच लिहिलं आहे. मधेच एकाचं वाचताना मी अडखळले. त्याचं नाव म्हणजे नाव नव्हतंच, नुसती इंग्रजी अक्षरं होती, आणि चेहऱ्याच्या जागी एका सायकलचं चित्र. त्याने पाच तारे दिले होते, पण जेवणाबद्दल अक्षर नव्हतं. उलट तो इतरांच्याच लिहिण्याखाली काहीबाही लिहीत गेला होता. एकाने अण्णा रागावले म्हणून तीन तारे दिले होते, त्याच्याखाली याचं उत्तर: "लहान मुलांना बरोबर न्या. मग नाही रागवत." एका बाईने ओट्याचा फोटो टाकला होता, तिला याने विचारलं होतं: "मालकांचा फोटो आहे का? तब्येत कशी वाटली?" त्या बाईने लिहिलं होतं: "ठणठणीत. ओरडतात फार." त्यावर याने बदामाचं लाल चित्र टाकलं होतं.

"कोण हाय हा?" अण्णांनी विचारलं. "आलेला आठवत न्हाय."

मी पुढचं वाचलं. कुणीतरी अण्णांच्या घरामागच्या विहिरीच्या कठड्यावर आपली मुलं बसवून फोटो काढला होता. त्याच्याखाली सायकलवाल्याने लिहिलं होतं: "तिथे मुलांना बसवू नका. डावीकडचा चिरा हलतो. बघून कळत नाही."

अण्णा कुंपणापलीकडे बघत होते. मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून मी पुन्हा वाचलं. त्यांनी हात वर केला, पुरे म्हणून.

मग त्यांनी सांगितलं. चिरा सुटा आहे हे नुसतं बघून कळत नाही आणि हात लावला तरी तो हलत नाही. वर बसून आतल्या बाजूला रेललं तरच हलतो. संदीप सहा-सात वर्षांचा असताना त्यावर बसला, चिरा हलला, पोर आत न पडता सुदैवाने बाहेर पडलं आणि हनुवटी फुटली. अण्णा तेव्हा ट्रक घेऊन नागपूरला होते. आल्यावर त्यांनी चिरा बसवला. तो पुन्हा सुटला. पुन्हा बसवला, पुन्हा सुटला. पुढे पोर मोठं झालं आणि राहून गेलं.

"ह्यो चिरा तिघांनाच ठाव हाय," अण्णा म्हणाले. "एक ती. एक मी."

मी फोनकडे बघत राहिले, कारण त्यांच्याकडे बघणं बरं दिसलं नसतं. वसंतराव उगाचच आत जाऊन पंखा वाढवून आले.

अण्णा स्वतःशीच म्हणाले, "नकाशात घर शोधत बसला आसंल. शोधता शोधता पाटी दिसली आसंल." मग माझ्याकडे वळून विचारलं, "म्हणजे परकी माणसं फोटो काढतात, ते त्याला तिकडं दिसतात?"

दिसतात, म्हटलं. लगेच.

"अन् तू ते बटण दाबलंस तर?"

मी फोन उलटा करून ठेवला. अण्णा उठले, चपला घातल्या आणि नेहमीप्रमाणे कुठे चाललो ते न सांगता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुंपणापाशी उभे होते. अंगात पांढरा शर्ट, तोही इस्त्रीचा. दाढी केलेली. हा शर्ट मी तेराव्यानंतर पहिल्यांदा पाहिला. म्हणाले, फोटो काढ. मालक झालोय ना, मग मालकाचा फोटो नको? मी म्हटलं, या ओट्यावर. ते ओट्याकडे आले नाहीत. घराला वळसा घालून मागे गेले, विहिरीच्या कठड्यावर चढले आणि डावीकडच्या चिऱ्यावर ठाण मांडून बसले.

मी किंचाळायचीच बाकी होते. अण्णा म्हणाले, मी आत रेलत न्हाय, तू काढ. वसंतरावांना राहवेना. ते कठड्याच्या बाजूला खाली वाकून बसले आणि अण्णांचा शर्ट मागून मुठीत धरला, फोटोत दिसणार नाही असा. ज्या माणसाने केळीच्या बुंध्याला पंचा गुंडाळला होता तो कॅमेऱ्याकडे सरळ बघत होता. हसत नव्हता, पण बघत होता. फोटो चांगला आला. नीट पाहिलं तर शर्टाच्या बाजूला वसंतरावांची करंगळी दिसते.

खाली काय लिहू, विचारलं. अण्णा म्हणाले, काही नको, नुसता टाक. मी टाकला.

दिवसभर काही आलं नाही. अण्णा तीनदा कुंपणापाशी येऊन गेले. तीनही वेळा त्यांना सुरी हवी होती, आणि तीनही वेळा ते सुरी न घेताच परतले. दुपारी एक गाडी आली, तर झाडू न घेता फाटकावर जाऊन त्यांनी साध्या आवाजात सांगितलं की आज जेवण नाही. ती माणसं निराश होऊन गेली. संध्याकाळी दिवेलागणीला मी तुळशीपाशी उभी असताना फोन वाजला. सायकलचं चित्र. मी वाचलं आणि दिवा तसाच ठेवून कुंपणाच्या पडक्या भागातून पलीकडे गेले.

अण्णा ओट्यावर वाल सोलत होते. वर बघितलं, पण विचारलं नाही. मी वाचलं:

"अण्णा, आधी तिथून उठा."

त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग फोन स्वतःच्या हातात घेतला. चष्मा आत राहिला होता, त्यामुळे त्यांना त्यातलं काही दिसत नसणार, पण ते बराच वेळ बघत होते. मी म्हटलं, अण्णा, काय ते सावकाश उत्तर द्या. हे सगळ्यांना दिसतं बरं का. हवं तर त्याला एकट्यालाच निरोप धाडायचं काहीतरी शोधते. गावात निम्म्या लोकांकडे फोन आहे, उद्या सगळे वाचतील.

"वाचू दे," अण्णा म्हणाले. "लिव."

मी बोटं तयार ठेवली.

"लिव, उठत न्हाय. येऊन उठव म्हणावं." आणि वर म्हणाले, "'न्हाय'चं 'नाही' करू नको. तुझ्या भाषेत लिवलंस तर मी बोललो हे त्याला कळायचं न्हाय."

मी ते होतं तसं लिहिलं. सगळ्या गावाने ते वाचलं असणार. दुसऱ्या दिवशी मासळी बाजारात, दुकानात, थांब्यावर कुणीही अण्णांना त्याबद्दल विचारलं नाही. पण त्या संध्याकाळी मी फोन घेऊन परत निघाले तेव्हा अण्णांनी वालांची सुपली बाजूला सारली, घराला वळसा घालून मागे गेले आणि पुन्हा त्याच चिऱ्यावर जाऊन बसले.